पाय बदलायचा नाही

रविवार, १ फेब्रुवारी. सकाळी ८. प्रेशर १४४/८६.

सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या दवाखान्यातल्या, नर्सने सांगितलंय, मार्चअखेरपर्यंत रोज तारीख-वेळ घालून प्रेशर लिहायचं. सूनबाईंनी, म्हणजे उल्काने, वही आणून दिली. एवढ्या मोठ्या पानावर दोन आकडे लिहून बाकी कोरं सोडायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून लिहितेय. वाचणारं कोणी नाही. नर्सला मराठी येत नाही, नातीला वाचता येत नाही, मुलाला वेळ नाही, आणि उल्काला माझं अक्षर लागत नाही. चौथी पास बाईचं अक्षर लागत नाही म्हणे. दिवसभर हॉस्पिटलात दुसऱ्या डॉक्टरांची अक्षरं लावते.

आज घरात वेड लागल्यासारखं चाललंय. तनयाचं, म्हणजे नातीचं, ब्रिटनच्या टीममध्ये नाव आलं. इनडोअर चॅम्पियनशिप, १४ मार्च, बर्मिंगहॅम. चौदा देशांच्या चौदा मुली. ट्रिपल जंप. अंबरीश, म्हणजे मुलगा, सकाळपासून फोनवर आहे. एवढा तर तो स्वतः डॉक्टर झाला तेव्हाही बोलला नव्हता.

ट्रिपल जंप म्हणजे काय, तर पळत यायचं, एका पायावर उडी, मग एक ढांग, मग वाळूत बसकण. चोवीस वर्षांची घोडी वाळूत बसते आणि लोक टाळ्या पिटतात. मी तिला म्हटलं, वाळूत खेळायचं होतं तर लहानपणी खेळायचंस, पार्क समोरच होतं.

मी जाणार नाही. ठरलं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ८:१०. प्रेशर १४०/८४.

काल जेवताना तनयाने जाहीर केलं. शेवटच्या आठात आली तर उड्या चालू. नाही आली तर बंद. फिजिओची नोकरी आत्ता आठवड्याला तीन दिवस आहे, ती फुल टाइम. हॉस्पिटलला मार्चअखेर उत्तर हवंय.

आठाचं गणित असं. प्रत्येकीला तीन उड्या. मग पहिल्या आठ जणींना आणखी तीन. उरलेल्या सहा जणींनी ट्रॅकसूट चढवायचा आणि घरी जायचं.

मी म्हटलं, देव करो आणि तू नववी येवो.

उल्काचा चमचा हवेतच थांबला. खरं बोललं की या घरात चमचे थांबतात. अंबरीश म्हणाला, आई, प्लीज. आई प्लीज म्हणजे काय ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही. मी काय वाईट बोलले? फुल टाइम नोकरी लागेल, गुडघे शाबूत राहतील, रविवारी घरात दिसेल.

तनया हसली. हसायला काय झालं तिलाच माहीत.

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळी ९. प्रेशर १४२/८६.

यूट्यूबवर तिची उडी पाहिली. सहज. अंबरीशचा आयपॅड उघडा पडला होता. अकरा वेळा पाहिली, कारण तो आपोआप पुन्हा लागतो.

आता मला कळलं गडबड कुठे आहे ते. ही पाय बदलते. पहिली उडी उजव्यावर, ठीक. दुसरीला डावा टेकते. लंगडीत हे केलं असतं तर तिथल्या तिथे बाद. मी इस्लामपूरच्या शाळेत लंगडीची कॅप्टन होते. एका डावात सात गडी बाद केलेत, पाय न टेकता.

संध्याकाळी तिला सांगितलं. ती म्हणाली, आजी, दॅट्स द रूल. पहिली वेळ सेम पाय, सेकंड वेळ दुसरी पाय. नाही बदलली तर रेड फ्लॅग.

म्हणजे नियमच उलटा. चहात दूध आधी घालायचं की नंतर हे ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांनी लंगडीचे नियम करायचे.

तिच्या पायात जो काही दम आहे तो माझा आहे, हे कोणी बोलत नाही. मी लीड्सला आले तेव्हा ही चार वर्षांची. आईबाप दोघं ड्यूटीवर. स्वयंपाकघरात चौकोनी टाइल्स. मी पोळ्या लाटायची आणि ही लंगडी घालायची, फ्रिजपासून दारापर्यंत. दुसरा पाय खाली आला की मी पोळपाटावर लाटणं आपटायची, पाय बदलायचा नाही. दोन वर्षं रोज. पुढे पुढे लाटणं उचललं तरी बदलायची नाही. याला म्हणतात ट्रेनिंग.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. सकाळी ८. प्रेशर १४६/८८.

काल अंबरीशबरोबर तनयाचा विसरलेला डबा द्यायला ट्रॅकवर गेले. मी गाडीतच बसणार होते. गाडीत गार वाटत होतं म्हणून आत गेले.

कोच पाहिली. ग्लेनिस. कार्डिफची, साठीची, केस पुरुषासारखे, गळ्यात शिट्टी. मला लव्हली म्हणाली. मग अंबरीशला लव्हली, मग झाडू मारणाऱ्यालाही लव्हली. म्हणजे त्या शब्दाला काही किंमत नाही.

अंबरीशला सांगत होती, तनयाची पहिली उडी फर्स्ट क्लास, शेवटची फर्स्ट क्लास, घोळ मधल्या ढांगेत आहे. दुसरा पाय खाली यायला कचरतो. कोणीतरी रागवेल अशी भीती असल्यासारखा. सहा वर्षं ती त्याचं कारण शोधतेय. व्हिडिओ काढले, युनिव्हर्सिटीत तारा लावून तपासलं, सापडत नाही.

सहा वर्षं. माझ्या हातात दिली असती तर एका संध्याकाळी सापडलं असतं. पण विचारतंय कोण.

घरी येताना अंबरीशला म्हटलं, ही बाई काही कामाची नाही. तो म्हणाला, शी इज द बेस्ट इन द नॉर्थ, आई. नॉर्थची ही गत असेल तर साउथचं काय असेल.

रविवार, १५ फेब्रुवारी. दुपारी १२. प्रेशर घेतलं नाही. हात मोकळा नाही.

हात मोकळा नाही कारण गुडघ्यावर मटाराची पिशवी धरून बसलेय. फ्रीझरमधली.

झालं असं की सकाळी तनयाला प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. इस्लामपूरला मी एका डावात नऊ गडी बाद केले होते ते काय पुस्तक वाचून नाही. पदर खोचला. हॉलमध्ये तीन उड्या व्यवस्थित झाल्या. चौथीला कार्पेट सरकलं. कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत खिळवलेलं आहे असं उल्का म्हणते. खिळवलेलंही सरकतं, मी अनुभवलंय.

तनयाने गुडघा तपासला. दाबून, वळवून, पट्टी घातली. हात चांगला आहे पोरीचा. वाळूत वाया चाललाय.

पट्टी बांधताना म्हणाली, आजी, तू कम करणार का बर्मिंगहॅमला? म्हटलं, तिकिटं दोनच आहेत ना, आई आणि बाबा जातील. आणि तिसरं असतं तरी गेले नसते. ती बरं म्हणाली. फार पटकन बरं म्हणाली.

उद्यापासून अर्धा तास व्यायाम.

सोमवार, १६ फेब्रुवारी. सकाळी ८. प्रेशर १४४/८८.

व्यायाम गुडघ्याची सूज उतरल्यावर.

बुधवार, ४ मार्च. सकाळी ८:३०. प्रेशर १५२/९०.

उल्काला १४ तारखेचीच ऑन-कॉल लागली. तीन जणांना विनवलं, ड्यूटी कोणी बदलून घेईना. रडली. डॉक्टर बाई, वॉर्डात लोकांना मेल्याच्या बातम्या सांगते, आणि उड्यांसाठी रडते.

एक तिकीट रिकामं. अंबरीश म्हणाला, आई, येतेस? मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विचारेल असं वाटलं होतं. तर तो म्हणाला, मग शेजारच्या डोरीनला विचारतो, तिला आवडेल.

डोरीनला का? डोरीनला लंगडी माहीत आहे? मी म्हटलं, तुला एकट्याला एवढं ड्रायव्हिंग नको, सोबत म्हणून येते.

ड्यूटीवर निघताना उल्काने मला दारात अडवून सांगितलं, आई, एक रिक्वेस्ट करते, तिथे तुम्ही काही बोलू नका. तनयाला तिसऱ्या उडीआधी पिनड्रॉप शांतता लागते. बाकीच्या टाळ्या मागतात, ही तोंडावर बोट ठेवते.

मी म्हटलं, मला कुठे हौस आहे बोलायची. तोंडात लवंग धरून बसेन. लवंग असली की मी बोलत नाही, हे इस्लामपुरात सगळ्यांना ठाऊक आहे.

शनिवार, १४ मार्च. सकाळी ६:३०. प्रेशर १६२/९४. यंत्र गाडीत हलत असणार.

एम वन हायवे. पाऊस नाही, ऊन नाही, काही नाही. लवंगा सात घेतल्यात.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७. हॉटेल.

क्रमाने लिहिते, म्हणजे पुढेमागे कोणी काही म्हणालं तर नोंद राहील.

जागा पळायच्या पट्ट्याला लागून, दुसऱ्या रांगेत. मुली पाहिल्या. एकीच्या नखांना दहा रंग. एक प्रत्येक वेळी देवाला हात जोडते आणि प्रत्येक वेळी फळीबाहेर पाय टाकते, देव तरी काय करेल. एक उडी झाल्यावर वाळूतच पडून राहते, तिला घरी कोणी नसावं. आपली बरी. शेंडी घट्ट, चेहरा मख्ख. चेहरा माझ्यावर गेलाय.

पहिली उडी. तेरा मीटर एकवीस. पांढरा झेंडा. पांढरा म्हणजे चालली.

दुसरी. तेरा अठ्ठेचाळीस. बोर्डावर आठवी. अंबरीशने माझा हात धरला, डॉक्टर असून नाडीवर न धरता बोटांवर. मग ती नखंवाली आली आणि चार सेंटिमीटर पुढे पडली. तनया नववी.

म्हणजे माझं मागणं देवाने ऐकलं होतं. आनंद व्हायला हवा होता. प्रवासाचा शीण असेल.

तिसरी उडी. तिने तोंडावर बोट ठेवलं. एवढा मोठा हॉल गप्प झाला. कुठेतरी चिप्सचं पाकीट वाजलं, तेही गप्प झालं. लवंग तेवढ्यात गिळली गेली. दुसरी काढायची तर पिशवीची चेन वाजली असती, म्हणून नाही काढली. ती निघाली. सुरेख निघाली, मी तिला कधी एवढं पळताना पाहिलं नव्हतं. फळीवर पाय बरोबर पडला. उजव्यावर उडी मारली. आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, पाय बदलायचा नाही.

मागच्या रांगेतली कोणी बाई असावी. बर्मिंगहॅममध्ये मराठी माणसं पुष्कळ आहेत.

तनयाने पाय बदलला नाही. उजव्यावर उतरली, पुन्हा उजव्यावरच उतरली आणि तिसरीला वाळूत गेली. सरळ लंगडी. लाल झेंडा. झेंडा धरणारा माणूस जरा वेळ झेंड्याकडेच बघत राहिला. असली चूक या लेव्हलला त्याने पाहिली नसावी.

ती वाळूत बसून राहिली. मग आमच्या दिशेने पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागची रांग रिकामी होती. ती बाई तोवर निघून गेली असणार.

नववी.

सोमवार, १६ मार्च. सकाळी ८. प्रेशर १६४/९४.

टीव्हीवाल्यांनी ती उडी तीनदा दाखवली. आवाज स्वच्छ ऐकू येतो. किनरा, हुकूम सोडल्यासारखा. समालोचन करणारा म्हणाला, समबडी हॅज अ स्ट्राँग ओपिनियन. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी तो तुकडा एकमेकांना पाठवलाय. उल्का म्हणाली, आवाज ओळखीचा वाटतो, आई? मी म्हटलं, घाटावरची असावी बाई, उच्चार तिकडचे आहेत. कसले संस्कार. एवढ्या शांततेत ओरडायचं म्हणजे.

उल्काने तीच भांडी दोन वेळा विसळली.

संध्याकाळी इस्लामपूरहून मधुमतीचा व्हिडिओ कॉल. माझी धाकटी बहीण. तिनेही पाहिलं. हसून हसून तिची कवळी सुटली, बघवेना. म्हणाली, अक्का, अगं तुझा आवाज पन्नास वर्षं तसाच आहे. मग म्हणाली, आणि तू काय पोरीला सांगतेस पाय बदलू नको, तालुक्याच्या सामन्यात पाय तूच बदलला होतास. पहिलाच गडी धरायला गेलीस आणि दुसरा पाय टेकलास. शाळा हरली, तू घरी येऊन पायाला चटका द्यायला निघाली होतीस, आईने धरलं.

मधुमतीचं वय झालंय. गोष्टींची सरमिसळ करते. त्या सामन्यात मी बारा गडी बाद केले होते. पाय टेकला असेल तर बाराव्यानंतर.

बुधवार, १८ मार्च. सकाळी ८. प्रेशर १६०/९२.

समजा ओरडणारी मी असते, तर मी सरळ सांगितलं असतं. मला कोणाची भीती आहे? आज तनया येणार आहे. आज सांगून टाकायचं. म्हणजे ती मी होते असं नाही, पण चर्चा करायची.

रात्री जेवायला आली. दमलेली होती. दमलेल्या माणसाला काय सांगायचं.

गुरुवार, १९ मार्च. सकाळी ८. प्रेशर १६२/९२.

दुपारी तनया आली तेव्हा माझं पुरणाचं पातेलं गॅसवर होतं. पाडव्याचं पुरण सोडून बोलत बसलं तर लागतं.

शुक्रवार, २० मार्च. सकाळी ८:२०. प्रेशर १६६/९४.

आज दुपारी गॅसवर काही ठेवलं नव्हतं. पण अंबरीश खोलीत होता. त्याच्यासमोर नाही.

हॉस्पिटलचा फोन आला होता. तनया बाहेर जाऊन बोलली, वीस मिनिटं. फुल टाइम घेतली असणार. म्हणजे मला हवं तेच झालं. तीन मुद्दे होते माझे, नोकरी, गुडघे, रविवार. तिन्ही मिळाले. मग हे प्रेशर कशाला वर जातंय? मीठ कमी केलंय.

रविवार, २२ मार्च. दुपारी ३.

आज सांगितलं.

स्वयंपाकघरात दोघीच होतो. मी पोळ्या लाटत होते, ती फ्रिजला टेकून उभी होती, पूर्वी जिथून निघायची तिथेच. मी म्हटलं, ती बाई मी होते.

तनया म्हणाली, आजी, आय नो. पूर्ण स्टेडियमला माहीत आहे. तू सेकंड रो मध्ये उभी राहिली होती, हातात पर्स वर करून.

उभी राहिल्याचं मला आठवत नाही.

मी विचारलं, मग ऐकलंस कशाला माझं? एवढी शिकलेली, एवढी वर्षं कोच ठेवलीय, तिचं ऐकायचं. तर म्हणाली, डोकी ग्लेनिसची ऐकते. पाय तुझी ऐकते.

मी म्हटलं, पाय तो असतो. ती पाय नाही. आणि डोकंही ते असतं. वीस वर्षं सांगतेय.

मग तिने बाकीचं सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी ग्लेनिसने विचारलं, झालं काय नेमकं. हिने सांगितलं, आजी, टाइल्स, पोळपाट, लाटणं, सगळं. ग्लेनिस जमिनीवर बसून हसली, मग रडली, मग वही काढली. सहा वर्षं शोधत होती ते सापडलं. पाय लाटण्याला घाबरतो. आता तिने एक लाटणं विकत आणलंय. रोज प्रॅक्टिसला ती लाटणं आपटते आणि तनयाने त्याच वेळी पाय बदलायचा. पाच दिवसांत मधली ढांग अर्ध्या फुटाने वाढली.

माझ्या लाटण्याची कल्पना. तिने विचारलंही नाही. आणि कसलं लाटणं असेल ते, त्या जाड दांडक्यासारखं, हँडलवालं. त्याने पुरी तरी येते का.

म्हटलं, पण तू तर बंद करणार होतीस. नववी आलीस. हॉस्पिटलला काय सांगितलंस. ती म्हणाली, तीनच दिवस ठेवलेत. नववी चालली असती आजी, पण लंगडी घालून रिटायर झाली असं लोक म्हणतील ना. तसं नाही सोडायचं. जूनमध्ये आउटडोअर आहे, लीड्सपासून जवळच.

म्हणजे मी ओरडले नसते तर ती गप्प नववी येऊन घरी बसली असती. नोकरी, गुडघे, रविवार. सगळं जमत आलं होतं.

पोळी करपली, ती माझ्या ताटात ठेवली. मग मी सहज म्हटलं, जूनमध्ये गार नसतं. गुडघ्यालाही बरं असतं. लवंगांची मोठी डबी घेता येईल.

तनया म्हणाली, आजी, या वेळी तीन तिकिटं आहेत. एक आईला, एक बाबांना. मी पिठाचा हात पुसला. ती म्हणाली, आणि एक डोरीनला.

डोरीन. जी बाई आपल्या मांजरालाही काही बोलत नाही.

मी जाणारच नव्हते. पहिल्याच पानावर लिहिलंय तसं, तारीख घालून. जूनमध्ये मला कामं असतात.

प्रेशर १७४/९८. यंत्र बदलायला सांगितलंय.